वाळवंटातला समुद्र

गेल्या हिवाळ्यात आमच्या भागातील एका गावच्या साहित्य संमेलनात कविसंमेलनाचे अध्यक्षस्थान माझ्याकडे आले होते. कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांनी ही संमेलने मोठ्या निष्ठेने चालवली आहेत आणि शेतातली कामे बाजूला ठेवून मंडपात येऊन बसणारा तिथला श्रोता मला कोणत्याही शहरी रसिकाइतकाच मोलाचा वाटतो. त्या दिवशी तेवीस कवींनी कविता वाचल्या. त्यांपैकी चौदा सीमाप्रश्नावरच्या होत्या. चौदाही कवितांत आई होती, तिच्यापासून तोडलेले लेकरू होते, रक्त होते आणि शेवटी घोषणा होती. प्रत्येक कवितेला टाळ्या मिळाल्या. मीही वाजवल्या. घरी परतताना मात्र एक गोष्ट मनाला बोचत राहिली. त्या चौदा कवितांत मला एकही गाव दिसले नव्हते.

त्याच सुमारास माझा एक माजी विद्यार्थी सुटीवर आला. तो अमेरिकेत ॲरिझोना राज्यात नोकरी करतो. भेटायला येताना त्याने कवितांची दोन बारीक पुस्तके आणली. "सर, वाचून बघा. ही पण आपल्यासारखी सीमाभागातलीच माणसं आहेत," असे म्हणून तो हसला. ओफेलिया झेपेडा या कवयित्रीची ती पुस्तके होती : 'ओशन पॉवर' (१९९५) आणि 'व्हेअर क्लाउड्स आर फॉर्म्ड' (२००८). तेव्हापासून ती माझ्या टेबलावर आहेत. त्यांच्याविषयी लिहावेसे वाटले ते मुख्यतः त्या चौदा कवितांमुळे.

झेपेडाबाई ज्या समाजातल्या, त्याचे नाव तोहोनो ओओधाम. त्याचा अर्थ वाळवंटातली माणसे. जुन्या पुस्तकांत त्यांना 'पापागो' म्हटलेले आढळते. हे दुसऱ्यांनी दिलेले नाव त्यांनी १९८६ साली नवी राज्यघटना स्वीकारताना अधिकृतपणे टाकून दिले. सोनोरा नावाच्या वाळवंटात, वर्षाकाठी पडणाऱ्या दहा-बारा इंच पावसावर हे लोक पिढ्यान् पिढ्या मका, भोपळा आणि घेवडा पिकवत आले. १८४८ साली मेक्सिको अमेरिकेशी झालेले युद्ध हरला, तेव्हाही हा मुलूख मेक्सिकोतच राहिला होता. पण १८५३ च्या अखेरीस अमेरिकेने लोहमार्गाच्या सोयीसाठी दक्षिणेकडचा एक पट्टा मेक्सिकोकडून विकत घेण्याचा करार केला. १८५४ साली तो पक्का झाला आणि नवी आंतरराष्ट्रीय सीमा ओओधामांच्या मुलखाच्या मधून गेली. त्यांना कोणी विचारले नाही. आज या समाजाची नोंदलेली संख्या सुमारे ३४ हजार आहे. ॲरिझोनातली त्यांची राखीव भूमी सुमारे २८ लाख एकर, आणि तिची शंभरेक किलोमीटरची दक्षिण हद्द हीच दोन देशांची सीमा. सुमारे दोन हजार ओओधाम पलीकडे, मेक्सिकोतल्या सोनोरा राज्यात राहतात.

ही रेघ कोणकोणत्या वाटा तोडून गेली हे समजल्याशिवाय झेपेडाबाईंची कविता पुरती उलगडत नाही. पहिली वाट मिठाची. ओओधाम तरुण वाळवंट तुडवत कॅलिफोर्नियाच्या आखातापर्यंत मीठ आणायला जात. तो व्यापार नव्हता, ते एक व्रत होते. समुद्राला वाहण्यासाठी मक्याचे पीठ आणि पिसे न्यायची, समुद्राकडे काय मागायचे ते आधी मनाशी ठरवायचे आणि किनाऱ्यावरून एकट्याने धावत जायचे. समुद्रावरचा वारा पावसाचे ढग आणतो. त्यामुळे मीठ घेऊन परतणारा तरुण एका अर्थी पाऊसही घेऊन येई.

दुसरी वाट मागदालेना या गावाकडे जाते, आणि तिच्याबद्दल गोव्यातल्या वाचकांना विशेष जवळीक वाटेल. सीमेच्या दक्षिणेला नव्वद-शंभर किलोमीटरवरच्या या गावी एउसेबिओ कीनो हे येशूसंघी धर्मोपदेशक १७११ साली वारले. सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या नावाने बांधलेल्या प्रार्थनामंदिराच्या समर्पणासाठी ते तिथे आले होते. गोवेकर ज्यांना 'गोंयचो सायब' म्हणतात आणि ज्यांचे शव जुन्या गोव्यात बॉम जेझूच्या बासिलिकेत आहे, तेच हे संत. गोव्यात त्यांचे फेस्त ३ डिसेंबरला होते. मागदालेनात मात्र त्यांच्या पहुडलेल्या मूर्तीच्या दर्शनाची जत्रा ४ ऑक्टोबरला भरते आणि ओओधाम यात्रेकरू सीमा ओलांडून तिला जातात, कित्येकजण पायी. आपल्याकडच्या वारकऱ्याला या वाटेचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

आता 'ओशन पॉवर' ही शीर्षककविता पाहू. दोन ओओधाम पुरुषांना अमेरिकेतून मेक्सिकोत परत पाठवले जात आहे. म्हणजे आपल्याच पूर्वजांच्या भूमीत ते परदेशी ठरले आहेत. नेहमी त्यांची ये-जा वाळवंटातून होते, पण या वेळी नेणाऱ्यांनी त्यांना समुद्राजवळच्या रस्त्याने आणले आहे. त्यांनी समुद्र कधी पाहिलेला नाही. पाणी जवळ येते, मागे जाते, पुन्हा येते. गाडी चालवणारा त्यांना धीर देतो. पण त्यांची भीती बुडण्यापुरती नाही. आपण तयारीने आलेलो नाही, बरोबर पीठ नाही, पिसे नाहीत, गाणी नाहीत, समुद्राला काय द्यायचे आणि त्याच्याकडे काय मागायचे याचा विचार केलेला नाही, ही त्यांची खरी भीती आहे. आपण इथे यायला अजून लायक झालेलो नाही, या जाणिवेवर कविता संपते.

ही कविता प्रथम वाचली तेव्हा मी चकित झालो, हे प्रांजळपणे सांगतो. विषय हद्दपारीचा आहे. आमच्याकडच्या कवीने हा विषय घेतला असता, तर गणवेशातला शिपाई कवितेच्या मध्यभागी उभा राहिला असता आणि मुठी आवळल्या गेल्या असत्या. झेपेडाबाईंनी शिपायाला ती जागा दिलेली नाही. त्या दोघांच्या मनात राज्य चालते ते समुद्राचे. एका सरकारने काढलेली रेघ आणि दुसऱ्या सरकारने ओळखलेली रेघ, या दोन्ही त्यांच्या दृष्टीने वरवरच्या आहेत. खरा कायदा मिठाच्या वाटेचा, आणि तो कायदा त्यांच्या हातून नकळत मोडला जात आहे. ज्या समुद्रापुढे व्रतस्थ होऊन जायचे, त्याच्यापुढे त्यांना सामानासारखे आणून टाकले आहे. अन्याय केवढा झाला, हे कवयित्रीला सांगावे लागत नाही. जे मोडले त्याचे मोल वाचकाला आधी कळते आणि मग मोडणाऱ्याचा हात दिसतो. माझ्या समजुतीप्रमाणे या कवितेचे सामर्थ्य या क्रमात आहे. आमच्या चौदा कवितांत क्रम उलटा होता. मोडणारा हात पहिल्याच ओळीत आला होता, आणि काय मोडले ते शेवटपर्यंत आलेच नाही.

हा क्रम त्यांना साधतो, कारण त्यांच्यापाशी सांगण्यासारखे भरपूर आहे. झेपेडाबाई ॲरिझोनातल्या स्टॅनफिल्ड या कापूस पिकवणाऱ्या भागात वाढल्या. घरची भाषा ओओधाम, शाळेची इंग्रजी. पुढे त्या भाषाशास्त्राच्या प्राध्यापिका झाल्या आणि १९८३ साली त्यांनी आपल्या भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले. ही भाषा त्या शिकवू लागल्या तेव्हा विद्यार्थ्यांना वाचायला देण्यासारखे तिच्यात फारसे काही नव्हते, आणि त्या गरजेतून त्या कविता लिहू लागल्या. आम्हां शिक्षकांना ही हकिकत अंतर्मुख करणारी आहे. पाठ्यपुस्तक आले नाही म्हणून तक्रारअर्ज लिहिण्यात माझी बरीच वर्षे गेली. पुस्तक नाही म्हणून कविता लिहावी, हे मला सुचले नाही.

त्यांच्या कवितेत पाऊस फार मोठा आहे. तो आमच्यासारखा ठरल्या महिन्यात धो-धो येणारा पाऊस नव्हे. तो ओढून आणावा लागतो. सग्वारो नावाचे निवडुंग चाळीस फुटांपर्यंत उंच वाढते. त्याची फळे उन्हाळ्याच्या ऐन तापात पिकतात आणि लांब काठीने खाली पाडली जातात. ती काठीही त्याच निवडुंगाच्या वाळलेल्या फासळ्यांची. फळांच्या रसाचे मद्य करायचे आणि ते समाजाने एकत्र बसून प्यायचे, म्हणजे ढग येतात. इथूनच ओओधामांचे नवे वर्ष सुरू होते. 'पुलिंग डाउन द क्लाउड्स' या कवितेत हीच फळे पाडायची काठी ढगांना अडकवली जाते. शहरी वाचकाला ही कल्पनेची भरारी वाटेल. ओओधाम वाचकाला ती घरातल्या कोपऱ्यात उभी केलेली काठी दिसते. पुढे त्याच कवितेत झोपलेल्या माणसाच्या नाकात ओल्या मातीचा वास शिरतो आणि क्षणभर हा वास कशाचा ते त्याला आठवतच नाही, इतके दिवस पावसाविना गेलेले असतात. आकाशातल्या ढगापासून नाकातल्या वासापर्यंतचा हा प्रवास एकही अलंकार न चढवता होतो.

हे सारे मी उत्साहाने शिक्षककक्षात सांगत होतो, तेव्हा आमच्या शाळेतल्या कन्नडच्या शिक्षकांनी मला अडवले. झेपेडाबाईंच्या कित्येक कविता दोन भाषांत छापलेल्या आहेत, ओओधाम आणि इंग्रजी. पुस्तक चाळता चाळता ते म्हणाले, "सर, यातली अर्धी पानं तुम्हांला वाचताच येत नाहीत. अर्ध्या पुस्तकावर परीक्षण लिहिणार होय?"

आक्षेप बिनतोड होता. ओओधाम मजकुराकडे मी फक्त पाहू शकतो. ओळी कुठे आखूड होतात, कोणता शब्द पुन्हा येतो, इतकेच कळते. तेव्हा या लेखातले माझे मत इंग्रजी पानांपुरते आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. पण त्या प्रश्नाचा खरा घाव दुसरीकडे बसला. मी पन्नास वर्षांहून अधिक काळ कन्नडच्या शेजारात राहिलो आहे. बाजारात, कचेरीत, बसमध्ये माझे कन्नड अडत नाही. तरीही बेंद्र्यांची कविता मी मराठी अनुवादातून वाचली. दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे म्हणजे मराठी घरात जन्मून कन्नडचे थोर कवी झालेले, 'नाकुतंती'साठी ज्ञानपीठ मिळवलेले आणि मराठीतही लिहिणारे आमच्या शेजारच्या धारवाडचे कवी. त्यांच्या मूळ पानाकडे मी आजवर ओओधाम पानाकडे पाहतो तसाच पाहत आलो. आमच्या भाषेवर झालेल्या अन्यायाची जाणीव मला आहे. १९५६ पासूनचा तो इतिहास मी वर्गात शिकवतो आणि त्यातला एक शब्दही मागे घेण्याची माझी इच्छा नाही. पण अन्यायाची जाणीव आणि शेजारच्या भाषेचे अज्ञान या दोन गोष्टी मी एकाच खिशात ठेवल्या होत्या. अज्ञान हाही निषेधाचा एक प्रकार आहे, अशी मी स्वतःची समजूत करून घेतली होती.

बाहेरच्या लेखकाने या वाळवंटाकडे कसे पाहिले, हे ताडून पाहण्यासाठी गॅरी नाभान या वनस्पतिअभ्यासकाचे १९८२ सालचे 'द डेझर्ट स्मेल्स लाइक रेन' हे पुस्तक उपयोगी पडते. त्यात दोन पाणथळ जागांची तुलना आहे. कीतोबाकीतो हे तळे सीमेच्या अगदी लगत, अमेरिकेच्या बाजूला. कीतोवाक मेक्सिकोत. कीतोबाकीतोचा परिसर राष्ट्रीय संरक्षित क्षेत्रात गेला आणि तिथली ओओधाम वस्ती व शेती संपली. कीतोवाकला शेती चालू होती. निसर्ग राखण्यासाठी माणसे काढली त्या जागेपेक्षा माणसांनी कसलेल्या जागी पक्ष्यांच्या जाती अधिक आढळल्या. नाभान यांचे हे प्रकरण मला फार आवडले. पण दोन्ही पुस्तके शेजारी ठेवली की फरक जाणवतो. नाभान आपल्याला हात धरून वाळवंट दाखवतात. झेपेडाबाई गृहीत धरतात की आपण तिथे राहतोच. त्यांच्या एका कवितेत कुणीतरी म्हणते, पाऊस येणार. बोलणारी मान्य करत नाही, कारण पाऊस येण्याआधी जमीन श्वास रोखून थांबते तसे तिला अजून जाणवलेले नाही. पाहुण्याला असा नकार देता येत नाही. त्याला तिथल्या मुक्कामाची वर्षे लागतात.

दुसऱ्या संग्रहातली 'बर्थ विटनेस' ही कविता सीमाभागातल्या प्रत्येक वाचकाने वाचावी. कवयित्रीला जन्माचा दाखला हवा आहे. जन्म कापसाच्या शेतातल्या लाकडी खोल्यांच्या रांगेत, घरीच झालेला. दप्तरात नोंद नाही. कचेरीतली बाई साक्षीदार मागते. आईला त्या दिवशीचा वारा आठवतो, पण वारा सही करत नाही. आईवडील निरक्षर होते का, या प्रश्नाला कवयित्रीने दिलेले उत्तर मोठे मार्मिक आहे. त्यांची भाषा लिहिण्याच्या कामाची नव्हती, तिची कामे वेगळी होती : आठवण खोलातून वर काढणे, प्रार्थना करणे, ढग खाली आणणे. कागद नसल्यामुळे कित्येक ओओधामांना आपले नागरिकत्व सिद्ध करणे अवघड गेले, ही त्या कवितेमागची कठोर वस्तुस्थिती. दुसऱ्या भाषेतला उतारा हातात घेऊन कचेरीच्या खिडकीशी उभ्या राहिलेल्या आमच्या माणसाला ही कविता कोणी समजावून देण्याची गरज नाही. या कवितेत विनोद आहे, उपरोध आहे आणि राग आहे, पण राग आवाज चढवत नाही.

दोषांकडे डोळेझाक करणे परीक्षकाला शोभत नाही. काही लहान कविता मला टिपणासारख्या वाटल्या. आठवण नोंदली जाते, पण तिची कविता होत नाही. आणि ज्या शीर्षककवितेची मी एवढी स्तुती केली, तिच्याविषयीही एक तक्रार आहे. ते दोन पुरुष किनाऱ्यावरच राहतात. त्यांची नावे कळत नाहीत, घरी कोण वाट पाहते ते कळत नाही, पुढे काय झाले ते कळत नाही. त्यांच्या विस्मयात आणि भीतीत कविता इतकी रमते, की त्यांना गाडीत घालणारी व्यवस्था जवळजवळ निसटून जाते. संयमाची ही किंमत आहे, आणि ती मोजावी लागते हे मान्य केले पाहिजे. २०१७ साली ओओधाम शासनाने भिंतीला विरोध करणारी एक लहान चित्रफीत काढली. ओओधाम भाषेत भिंतीला शब्दच नाही, हेच तिचे शीर्षक होते. ते मोठे अर्थपूर्ण होते, पण शब्द नाही म्हणून भिंत थांबली नाही. २०२० साली कीतोबाकीतोच्या तळ्याजवळून पोलादी भिंत गेली आणि त्याच वर्षी त्या तळ्याची पातळी खालावली. मी वर उल्लेखिलेल्या त्या चौदा कवींपैकी कोणी मला विचारील, "सर, तुमच्या त्या शांत कवितेनं काय अडवलं?" त्याला माझ्याकडे उत्तर नाही. आमच्या घोषणांनी काय अडवले, हा प्रश्न मी त्याला उलट विचारू शकतो, पण ते उत्तर होणार नाही.

मला एवढेच म्हणता येईल. भिंत उभी राहिली, तरी मिठाची वाट कुठून जात होती हे ओओधाम मुलाला आपल्या भाषेत वाचता येते. वाट पुन्हा खुली झाली, तर समुद्रापुढे काय घेऊन उभे राहायचे, हे त्याला ठाऊक असेल. उद्या आमचा प्रश्न हवा तसा सुटला, तर आमची मुले मराठीत काय घेऊन उभी राहतील? तेव्हा फक्त घोषणा उरल्या असतील, तर त्यांचे काम त्या दिवशी संपलेले असेल.

या पावसाळ्यात मी नववीच्या वर्गाला एक काम दिले. घरी, शेतात पावसासाठी जे जे शब्द वापरतात ते लिहून आणा, पुस्तकातले नकोत. वळीव आला, मिरगाचा पाऊस आला, झड आली, बुरबुर आली, पागोळ्या आल्या. एका मुलीने 'जिटिजिटि' असे लिहिले होते. वही दाखवताना ती बिचकली. "सर, हे कन्नड आहे काय? आमची आज्जी म्हणते, म्हणून लिहिलं." मी लाल पेन हातात घेतला होता. ते तसेच खाली ठेवले आणि तिला म्हटले, आज्जीला विचार, जिटिजिटि आणि बुरबुर यांत फरक काय.

दुसऱ्या दिवशी ती अर्धे पान लिहून घेऊन आली. त्या अर्ध्या पानात मला एक गाव दिसले.